मध्येच किंचाळणारा, मध्येच मुका होणारा डिटेक्टर: सोनं शोधताना दोष कसा हुडकायचा

आधी लक्षणं. तुमच्या यंत्राचं दुखणं यातलं नेमकं कोणतं, ते पहिल्यांदा ठरवा.

– कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या दांडीच्या टोकाला असलेली, जमिनीवरून फिरवायची तबकडी, काटकीला घासली किंवा जमिनीला टेकली की 'टुईं' असा आवाज येतो, आणि त्याच जागी पुन्हा फिरवली की येत नाही.
– थ्रेशोल्ड, म्हणजे हेडफोनमधली सतत चालणारी बारीक गुणगुण, एकसारखी राहत नाही. लाटांसारखी वरखाली होते.
– ठरावीक अंतराने टक्… टक्… ऐकू येतं, कॉइल हलवली नाही तरी.
– चालता चालता क्षणभर सगळं बंद पडतं आणि आपोआप सुरू होतं.
– यंत्र अगदी शांत, गुणगुण सुरेख, पण सकाळपासून एक छर्रासुद्धा लागलेला नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट, कारण त्याची कोणी तक्रार करत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सोन्याच्या पट्ट्यात जमिनीत बंदुकीचे छर्रे, गंजके खिळे, डब्यांचे तुकडे जागोजागी आहेत. लोकांची वर्दळ असलेल्या जुन्या जागेवर तीन-चार तासांत काहीच वाजलं नाही, तर जमीन साफ आहे असं समजू नका. यंत्र बहिरं झालं असावं.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो. गेली बारा वर्षं हिवाळ्यातले बरेचसे शनिवार-रविवार डनॉली, टार्नागुला, मोलियागुल, वेडरबर्न या भागात घालवतो. याला इकडे गोल्डन ट्रँगल म्हणतात. १८५१ पासून लोक इथे खणत आले आहेत आणि सोनं अजून निघतं. मोलियागुलला १८६९ मध्ये 'वेलकम स्ट्रेंजर' हा सोन्याचा गोळा सापडला तो झाडाच्या मुळाशी, जेमतेम तीन सेंटिमीटर मातीखाली. त्यातलं निव्वळ सोनं सुमारे ७२ किलो. तो मावेल एवढा तराजूच नव्हता, म्हणून डनॉलीत ऐरणीवर फोडून मग वजन केलं. किंगोवरजवळ १९८० साली मिळालेला २७ किलोंचा 'हँड ऑफ फेथ' तर मेटल डिटेक्टरनेच सापडला. आम्हाला मिळतात ते तांदळाच्या दाण्याएवढे, नशीब असेल त्या दिवशी हरभऱ्याएवढे. एवढासा दाणा वीतभर मातीखालून ऐकायचा असेल तर यंत्राची तब्येत ठणठणीत लागते.

आमच्या मराठी मंडळींपैकी कोणाचं यंत्र बिघडलं की ते माझ्या गॅरेजमध्ये येतं. येताना प्रत्येक जण सांगतो, 'पेटी गेली.' म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची मुख्य पेटी, सगळ्यात महाग भाग. बहुतेक वेळा पेटीला काहीही झालेलं नसतं. दोष कॉइलमध्ये असतो, केबलमध्ये असतो, जमिनीत असतो किंवा आपल्याच खिशात असतो. म्हणून फुकटच्या तपासण्या आधी, पैसे लागणाऱ्या नंतर.

एवढं कळलं की बाकी सोपं

मी लिहितोय ते पल्स इंडक्शन जातीच्या यंत्रांबद्दल, कारण इथल्या लोहयुक्त मातीत जास्त करून तीच वापरतात. कॉइलमधून विजेचा एक ठोका जातो आणि एकदम तोडला जातो. त्यामुळे जमिनीतल्या धातूत क्षणभर प्रवाह फिरतो आणि विरत जातो. तो विरताना जो अगदी क्षीण प्रतिसाद येतो तो ऐकायचा, मग पुढचा ठोका. हे एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा चालतं. प्रतिसाद इतका बारीक असतो की केबलमधली एक तार किंचित सैल झाली तरी यंत्राला तो धातू वाटतो. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला जे जाणवतं ते ते सांगतं, फक्त ते सोनं नसतं.

तीन जागांची चाचणी

काहीही उघडण्याआधी ही करा. पाच मिनिटं लागतात आणि निम्मं काम इथेच होतं.

पहिली जागा: कॉइल लाकडी ओंडक्यावर किंवा प्लास्टिकच्या बादलीवर ठेवा आणि हात काढून घ्या. काहीही हलत नसताना आवाज येत असेल, तर तो बाहेरच्या विद्युत गोंधळामुळे येतोय, नाहीतर यंत्राच्या आतून.

दुसरी: कॉइल कमरेइतकी उचला आणि हवेतच हळू फिरवा. ठेवलेली असताना शांत आणि फिरवताना गडबड, म्हणजे केबल, प्लग किंवा कॉइल. जमिनीचा इथे संबंधच नाही.

तिसरी: आता जमिनीलगत फिरवा. हवेत शांत आणि जमिनीवरच गडबड, तर जमीन किंवा कॉइलखालचं झाकण.

अंगावरचं आणि आजूबाजूचं

हवेत फिरवताना आवाज आला तरी केबलकडे धावू नका, आधी खिसे रिकामे करा. फोन, गाडीची किल्ली, पट्ट्याचं बकल, पोलादी टोकाचे बूट, कमरेला लटकवलेली कुदळ, चालू राहिलेला पिनपॉइंटर (खड्ड्यात धातूची नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र). कॉइल तुमच्या पायाजवळून जाते तेव्हाच आवाज होतो का, तेवढं पाहा. उजवीकडे शांत आणि डावीकडे किंचाळत असेल तर डाव्या बुटाकडे बघायचं. गेल्या वर्षी टार्नागुलाजवळ एका मित्राबरोबर तासभर केबलशी झटापट केली. शेवटी गाडीजवळ चहा गाळणाऱ्या वहिनी म्हणाल्या, 'भावोजी, ह्यांचा फोन मगाचपासून वरच्या खिशातच आहे.' फोन गाडीत ठेवला आणि यंत्र गप्प झालं.

याच मित्राने पूर्वी कॉइल दांडीला जोडणारा प्लास्टिकचा बोल्ट हरवला, तेव्हा त्या जागी घरातला लोखंडी बोल्ट लावला होता. दांडीचा खालचा भाग आणि तो बोल्ट मुद्दाम धातूविरहित असतात. तिथे लोखंडी वॉशरसुद्धा चालत नाही.

मग आजूबाजूला पाहा. दुसरा डिटेक्टर जवळ चालू असेल तर दोघांचे ठोके एकमेकांत घुसतात आणि गुणगुण लाटांसारखी डोलू लागते. अंतर वाढवा, आम्ही निदान पन्नास पावलं ठेवतो, तरी भागलं नाही तर शंभर. ठरावीक टक्-टक् साधारण सेकंदाला एकदा येत असेल तर ते मेंढ्यांच्या कुरणाचं विजेचं कुंपण. दूरवर वीज कडाडली की हेडफोनमध्ये चरचर होते. ती ऐकू आली की यंत्राचा विचार सोडा आणि गाडीत जाऊन बसा. उघड्या माळावर हातात लांब दांडी घेऊन उभं राहण्याची ती वेळ नाही.

उच्च दाबाच्या तारा, मोबाइलचे मनोरे यांच्यासाठी यंत्रात ऑटो ट्यून किंवा नॉइज कॅन्सल अशी सोय असते. ती वापरताना लोक एक चूक करतात. कॉइल वर उचलून स्थिर धरायची, बटण दाबायचं आणि यंत्र स्वतः शांत पट्टी (फ्रिक्वेन्सी) शोधेपर्यंत हलायचं नाही. त्याला वेळ लागतो, काही यंत्रांना जवळपास मिनिटभर. मध्येच पाऊल टाकलं तर यंत्र चुकीची पट्टी धरतं. आणि हे गाडीजवळ उभं राहून नव्हे, जिथे शोधायचं तिथे करा. कॉइल उभी धरून स्वतःभोवती हळू फिरून पाहा. एका दिशेला आवाज वाढला आणि काटकोनात कमी झाला, तर गोंधळ बाहेरून येतोय याबद्दल शंका उरत नाही.

जमीन

मी मूळचा रत्नागिरीकडचा. जांभ्याची तांबडी माती पायाखाली घेऊन वाढलो. डनॉलीची माती पहिल्यांदा पाहिली तेव्हा घरची आठवण आली, आणि त्या लाल रंगामागचं कारणही तेच, लोखंडाची खनिजं. त्यांच्यातली काही चुंबकीय असतात आणि ठोका थांबल्यावरही क्षणभर चुंबकत्व धरून ठेवतात. ते विरताना यंत्राला धातूचा भास होतो. इथे वाटाण्या-बोराएवढे लोहखडे पसरलेले असतात, त्यांना हॉट रॉक म्हणतात. वणव्यात जळालेल्या बुंध्यांच्या जागा तर हमखास फसवतात, कारण आगीच्या उष्णतेने मातीतलं साधं लोहखनिज जास्त चुंबकीय रूपात बदलतं. मोठ्या आशेने काळपट मातीत कोपरभर खड्डा खणून मी रिकाम्या हाताने उठलोय, एकदा नव्हे, कितीतरी वेळा.

उपाय ग्राउंड बॅलन्स. धातू नाही अशी जागा शोधा, कॉइल जमिनीपासून गुडघ्यापर्यंत सावकाश वरखाली करा आणि आवाज सपाट होईपर्यंत यंत्राला जमिनीची ओळख करून घेऊ द्या. खाली खिळा असेल तर यंत्र त्या खिळ्यालाच जमीन समजेल, म्हणून दोन-तीन ठिकाणी करून पाहा. माती बदलली, रंग बदलला, ओढा ओलांडला की पुन्हा. सकाळी एकदा केलं म्हणजे दिवसाचं झालं, असं नसतं.

तरी गडबड राहिली तर संवेदनशीलता थोडी उतरवा आणि कॉइल हळू फिरवा. बरेच जण संवेदनशीलता शेवटच्या टोकाला ठेवतात. त्यांना वाटतं, जास्त ठेवलं की जास्त खोल ऐकू येईल. या मातीत उलट घडतं. गोंगाटात बारीक सिग्नल बुडून जातो. माझ्या हातून जे लहान दाणे निघाले त्यातले बरेच मी आकडा खाली आणल्यावर निघाले.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. दोष शोधण्याच्या नादात खरा सिग्नल सोडू नका. शंका आली की पायाने वरची दोन बोटं माती खरवडा आणि पुन्हा फिरवा. जमिनीचा आवाज पसरट असतो, कॉइल थोडी उचलताच नाहीसा होतो, आणि खरवडल्यावर जागा बदलतो किंवा पुसला जातो. धातूचा आवाज त्याच ठिकाणी राहतो, माती काढली की अजून स्पष्ट होतो, आणि काटकोनात वळून फिरवलं तरी बहुतेकदा येतोच. शंका फिटली नाही तर खणा, मग खड्डा बुजवा. तो बुजवणं हा इथला नियमही आहे आणि गुरांचा पाय मोडू नये म्हणून माणुसकीही.

केबल, झाकण, प्लग

कॉइलची केबल दांडीभोवती घट्ट गुंडाळलेली आणि वेल्क्रोने बांधलेली हवी. सैल केबल फिरवताना दांडीवर आपटते आणि प्रत्येक हेलकाव्याला खोटा आवाज देते. मात्र जिथे केबल कॉइलमध्ये शिरते तिथे बोटभर ढील ठेवा. कॉइल वाकवताना तिथे ताण आला तर आतली तार हळूहळू तुटते, आणि मी पाहिलेल्या खऱ्या बिघाडांपैकी सगळ्यात जास्त याच जागी झालेले आहेत. तपासणी अशी: कॉइल ओंडक्यावर स्थिर, यंत्र चालू, आणि केबल टोकापासून टोकापर्यंत बोटांनी हळू वाकवत जायची. एका ठरावीक जागी प्रत्येक वेळी आवाज आला तर तीच जागा.

कॉइलच्या तळाशी प्लास्टिकचं झाकण असतं, ती झिजू नये म्हणून. झाकण आणि कॉइल यांच्यात माती शिरते. जूनमधल्या पावसानंतर एका काकांनी यंत्र आणून दिलं. ते आतापर्यंत दोन वेळा दुकानात दाखवून आले होते. मी झाकण काढलं तर आत लाल चिखलाचा थर आणि त्यात काळी वाळू. चुंबक फिरवल्यावर ती त्याला केसांसारखी चिकटली. कॉइल टेकली की ती लोहयुक्त वाळू कॉइलच्या अगदी अंगाला लागून सरकणार, मग यंत्र ओरडणारच. नळाखाली धुतलं, वाळवलं, कडेने इलेक्ट्रिकची चिकटपट्टी फिरवली. खर्च त्या पट्टीचा. तेव्हापासून मी दर फेरीनंतर घरी आलो की बूट धुण्याआधी झाकण धुतो.

प्लग काढण्याआधी यंत्र बंद करा. हे विसरू नका, कारण चालू यंत्रातून कॉइल उपसली तर पेटीतल्या भागांना झटका बसू शकतो. पिना सरळ आहेत का, हिरवट गंज चढलाय का, सॉकेटमध्ये धूळ आहे का ते उजेडात पाहा. मऊ ब्रशने झाडा, इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या. तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ बसते. परत लावताना खाच जुळवा आणि कडं शेवटपर्यंत फिरवा. अर्धवट फिरवलेलं कडं गवतातून चालताना आपोआप सैल होतं, आणि तेव्हाच 'क्षणभर बंद, मग सुरू' होतं.

बॅटरी आणि हेडफोन

हेडफोन बदलून पाहा. वायर पिनेजवळ तुटते, एकाच कानात येतं, चरचरतं. बॅटरीचे टोक पुसा. बॅटरी पाठीवर असेल तर तिची गुंडाळीची वायरही वरच्याप्रमाणेच वाकवून तपासा. पूर्ण चार्ज करूनही पूर्वीच्या निम्म्या वेळात संपत असेल तर ती म्हातारी झाली, आणि उतरत्या बॅटरीवर गुणगुण डळमळू लागते. उन्हाळ्यात बंद गाडीत ती ठेवू नका. फुगली असेल, गरम लागत असेल तर चार्जिंगला लावू नका, उघडू नका, बॅटरी जमा करणाऱ्या केंद्रात द्या.

बहिऱ्या यंत्राची चाचणी

सुमारे ग्रॅमभर शिसं कॅरमच्या लाकडी सोंगटीला चिकटवा. यंत्र चांगलं असतानाच, ठरलेल्या सेटिंगवर, कॉइलपासून किती लांबून ही सोंगटी ऐकू येते ते पट्टीने मोजा आणि वहीत लिहा. दर फेरीच्या सुरुवातीला तेच करा. आकडा एकदम घटला तर यंत्र शांत असलं तरी आजारी आहे. आधी सेटिंग तपासा, बटणाला नकळत धक्का लागणं नेहमीचं आहे. सेटिंग ठीक असेल तर कॉइलवर संशय घ्या.

आणि काहीही तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉइल, हेडफोन आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलून यंत्र सुधारलं, तर सुधारलं कशाने ते कधीच कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच दोष परत येतो.

कॉइल बदलून पाहणं

इथून पुढे पैसे लागतात, किंवा मित्र लागतो. आपल्याच मॉडेलला चालणारी कॉइल त्याच्याकडून तासाभरासाठी मागून घ्या. त्याच जागी, त्याच सेटिंगवर लावा. दोष गेला तर तुमची कॉइल खराब. खात्रीसाठी तुमची कॉइल त्याच्या यंत्रावर लावा; दोष तिच्याबरोबर तिकडे गेला पाहिजे. ही अदलाबदल केल्याशिवाय नवी कॉइल विकत घेऊ नका. शंभर तर्कांपेक्षा ही एक चाचणी जास्त सांगते.

मल्टिमीटर असेल तर कॉइल यंत्रापासून काढून तिचं वेटोळं अखंड आहे एवढं पाहता येतं. रोध फार कमी असतो, बऱ्याचदा एक ओमच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणून नेमक्या आकड्याला महत्त्व देऊ नका, मीटरच्या वायरींचाच तेवढा रोध असतो. केबल हलवताना आकडा उड्या मारतो का तेवढं बघा. कोणत्या पिना कोणत्या वेटोळ्याच्या हे माहीत नसेल तर हे करूच नका.

इथे थांबा

पेटी उघडायची नाही. मी बारा वर्षांत एकदाही उघडलेली नाही. ठोका तोडला जातो त्या क्षणी आत काहीशे व्होल्टचा उसळा येतो, पाणी अडवणारं सील मोडतं, वॉरंटी जाते, आणि आतली जुळणी घरच्या हत्यारांनी करण्यासारखी नसते. कॉइलसुद्धा फोडू नका. वेटोळी रेझिनमध्ये ओतून बसवलेली असतात, ती पुन्हा तशी बसत नाहीत. केबल प्लगच्या टोकाला तुटली असेल तर जाणकार तंत्रज्ञ नवा प्लग लावून देतो. कॉइलच्या आत तुटली असेल तर बहुतेक वेळा कॉइलच बदलावी लागते.

पडद्याआड वाफ दिसली, जळका वास आला, यंत्र पडून पेटीला चीर गेली, किंवा दुसरी कॉइल, दुसरी बॅटरी आणि दुसरे हेडफोन लावूनही दोष तसाच राहिला, तर त्याच दिवशी बंद करा आणि अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे पाठवा. पाणी गेलेलं यंत्र 'सुकतंय का पाहू' म्हणून चालू करू नका.

पाठवताना फक्त पेटी पाठवू नका. कॉइल, बॅटरी, वायर, हेडफोन सगळं एकत्र द्या, कारण दोष जोडणीत असेल तर त्यांच्या टेबलावर एकटी पेटी निर्दोष दिसते आणि यंत्र तसंच परत येतं. सोबत एका कागदावर लिहा: दोष कधी येतो, स्थिर असताना की हलवताना, हवेत की जमिनीवर, कोणती कॉइल बदलून पाहिली, सोंगटी पूर्वी किती लांबून वाजायची आणि आता किती. शक्य असेल तर दोषाच्या वेळचा आवाज फोनवर टिपून तोही पाठवा.